सोन्याचा धागा आणि दोन अग्नी : मध्ययुगीन इंग्लंडमधील धर्मवस्त्रांची कथा

१/ सन १२४६. पोप चौथे इनोसंट यांची नजर काही इंग्लिश धर्माधिकाऱ्यांच्या वस्त्रांवर खिळली. त्यांवरील सोनेरी भरतकाम पाहून पोपनी विचारले, हे कोठे होते? उत्तर मिळाले, इंग्लंडमध्ये. लागलीच इंग्लंडमधील सिस्टर्शियन मठाधिपतींना पत्रे गेली, की असे काम आमच्याकडे पाठवा.

२/ ही हकिकत सेंट ऑल्बन्स मठातील इतिवृत्तकार मॅथ्यू पॅरिस याने लिहून ठेवली आहे. त्याचा सूर उपरोधिक आहे आणि पोपचा लोभ त्याला खटकतो. मात्र लंडनच्या व्यापाऱ्यांना ही मागणी मुळीच अप्रिय वाटली नाही, कारण भाव तेच ठरवणार होते, हेही तो सांगतो. म्हणजे या कामाला तेव्हाच बाजारपेठ होती.

३/ युरोपात या भरतकामाला 'ओपुस आंग्लिकानुम' म्हणजे 'इंग्लिश काम' म्हणत. १२९५ मध्ये पोपच्या कोषागाराची जी यादी झाली, तिच्यात हे नाव शंभराहून अधिक वेळा येते. देशाचे नाव हीच कारागिरीची ओळख ठरली होती.

४/ ही वस्त्रे कोणती? कोप म्हणजे मिरवणुकीत व गंभीर विधींत खांद्यांवरून घ्यायचा अर्धवर्तुळाकार झगा. चॅझुबल म्हणजे मिस्सा अर्पण करताना धर्मगुरू सर्वांत वरून घालतात ते वस्त्र. स्टोल म्हणजे गळ्याभोवतीची लांब अरुंद पट्टी. यांवर संतांच्या आणि ख्रिस्तचरित्रातील प्रसंगांच्या आकृती भरल्या जात.

५/ आता तंत्र पाहू. रेशमाच्या गाभ्यावर सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची पट्टी गुंडाळून धागा करीत. आपल्याकडे यालाच कलाबतू म्हणतात. हा धागा कापडावर आडवा ठेवून मागच्या बाजूने तागाच्या धाग्याने पकडायचा आणि त्याचा सूक्ष्म फासा छिद्रातून मागे ओढून घ्यायचा. त्यामुळे बांधणारा धागा दर्शनी बाजूस दिसतच नाही.

६/ याचा लाभ दुहेरी होता. सोन्याचा पृष्ठभाग अखंड झळके. शिवाय प्रत्येक फासा बिजागरीसारखे काम करी, म्हणून सोन्याने भरलेले कापडही अंगावर सहज वळे. चेहऱ्यांसाठी मात्र रेशमाचा दुभंग टाका वापरत, म्हणजे प्रत्येक टाका आधीच्या टाक्याचा धागा चिरून वर येई. गालांवर हे टाके भोवऱ्यासारखे फिरवत आणि त्यातून उठाव साधत.

७/ हे कोणाचे हात होते? बहुतेकांची नावे हरवली आहेत. बरी सेंट एडमंड्स येथील मेबेल ही अपवाद. १२३९ पासून काही वर्षे राजा तिसरा हेन्री याच्या हिशेबांत तिचे नाव येते. तिने राजासाठी चॅझुबल केले. पुढे १२५६ मध्ये राजा तिच्या गावी गेला, तेव्हा त्याने तिला कापड आणि सशाच्या फरची भेट देवविली. एका भरतकाम करणाऱ्या स्त्रीची राजदप्तरात इतकी दखल क्वचितच आढळते.

८/ आता दुसऱ्या कापडाकडे वळू. वेदीवरची वस्त्रे साध्या पांढऱ्या तागाची असत. त्यांपैकी कॉर्पोरल हा पवित्र भाकर व प्याला ठेवण्याचा चौकोनी रुमाल. त्यावर प्रसादाचा कण राहिला असण्याची शक्यता असे, म्हणून त्याची पहिली धुणी दीक्षित धर्मसेवकानेच करायची आणि ते पाणी गटारात न सोडता थेट मातीत जिरवायचे, असा दंडक होता. अनेक मध्ययुगीन चर्चच्या भिंतीत वेदीजवळ दिसणारे दगडी कुंड अशाच पाण्यासाठी असे.

९/ ही तागाची वस्त्रे आज जवळजवळ शिल्लक नाहीत. ती सतत धुतली गेली, झिजली, ठिगळली गेली. चर्चच्या हिशेबवह्यांत धुलाईची आणि डागडुजीची देणी आढळतात. अगदीच विरली की ती जाळावीत आणि राख पवित्र स्थळी विसर्जित करावी, असे मध्ययुगीन धर्मनियम सांगत. हा पहिला अग्नी, आदराचा.

१०/ दुसरा अग्नी वेगळा होता. धर्मसुधारणेनंतर, १५५२ च्या इंग्लिश प्रार्थनाग्रंथाने धर्मगुरूंना कोप व तत्सम वस्त्रे घालण्यास मनाई केली. साधा पांढरा सर्प्लिस तेवढा राहिला. लगोलग राजाच्या आयुक्तांनी चर्चची मालमत्ता ताब्यात घेतली. कित्येक वस्त्रे सोने-चांदी काढण्यासाठी जाळली गेली, कित्येक विकली जाऊन श्रीमंतांच्या घरी आच्छादने झाली.

११/ मग ओपुस आंग्लिकानुम आज आपल्याला दिसते कसे? याचे एक उत्तर मॅथ्यू पॅरिसच्या उपहासातच आहे. पोप आणि परदेशी धर्माधिकाऱ्यांनी हौसेने नेलेली वस्त्रे इंग्लंडबाहेर होती. म्हणूनच आस्कोली पिचेनो, पिएन्झा, बोलोन्या, टोलेडो येथे उत्कृष्ट नमुने टिकले. ज्या लोभावर त्याने बोट ठेवले, त्यानेच हा वारसा वाचवला.

१२/ दुसरे उत्तर निष्ठेचे आहे. चौदाव्या शतकाच्या प्रारंभीचा 'सायन कोप' पुढे सायन येथील ब्रिजिटाइन धर्मभगिनींकडे आला. १५३९ मध्ये त्यांचा मठ बंद झाला. हा समुदाय देशोदेशी भटकत १५९४ मध्ये लिस्बनला स्थिरावला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काही भगिनी इंग्लंडला परतल्या आणि त्यांच्यासोबत हा कोपही परतला. १८६४ पासून तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

१३/ तिसरे उत्तर कात्रीचे. 'बटलर-बाऊडन कोप' कापून त्याची निराळी चर्चवस्त्रे शिवली गेली. पुढे ते तुकडे जुळवून पुन्हा कोप उभा केला गेला. ती कात्री आपल्याला विध्वंसक वाटते. पण वापरात राहिलेले कापड जपले गेले, उसवले तर पुन्हा शिवले गेले.

१४/ संग्रहालयात अशी वस्त्रे पाहताना आपण प्रथम सोने पाहतो. पुढच्या वेळी शिवणीही पाहा. कोठे कापले आहे, कोठे कडेची पट्टी मागाहून जोडली आहे, कोठे टाका बदलला आहे. मेबेलचे नाव राजाच्या हिशेबामुळे उरले. वस्त्र दुरुस्त करणारीचे नाव कोणी लिहिले नाही. तिचा दस्तऐवज म्हणजे तो टाकाच, आणि तो वाचणे हेही इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.