वऱ्हाडातली ठासणीची बंदूक

रिद्धपूर म्हटले की गोविंदप्रभू आठवतात, म्हाइंभट आठवतात. तिथं बंदुकीचं काय काम, असं तुम्ही विचाराल. पण मोर्शी तालुक्यातल्या या गावाच्या उत्तरेला सातपुडा आहे, आणि रानडुकराला व रोह्याला पिकाची वाट कुणी दाखवावी लागत नाही. तेव्हा शेतकऱ्याची बंदूक हाही या मुलखाच्या इतिहासाचाच भाग समजा.

ही साहेबाची रायफल नव्हे बरे का! रायफलीच्या नळीत पिळाचे आटे असतात. हिची नळी आतून गुळगुळीत. तोंडाकडून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि गजाने ठासायचे. मागे टोपी बसवली की घोडा पडायला मोकळा. या टोपीचं मूळही शिकारीतच आहे. चकमकीच्या ठिणगीने पाखरं सावध होत, म्हणून फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणारी दारू वापरली आणि 1807 साली तिचे पेटंट घेतले. टोपी पुढे त्यातूनच निघाली.

बार मात्र एकच. चुकला तर सगळं पहिल्यापासून, आणि डुक्कर काही थांबत नाही. पावसाळ्यात दारू सर्दावली तर तोही नाही.

अशा हत्यारावर जीव का जडावा? मला वाटते, ते धन्यावाचून चालतच नाही म्हणून. दारू किती, ठासणी किती घट्ट, हे त्याच्याच हाताला ठाऊक. जिम कॉर्बेटला लहानपणी जी दुनळी ठासणीची बंदूक मिळाली, तिची उजवी नळी फाटलेली होती आणि दस्ता पितळी तारेने बांधलेला. 1907 साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर त्याला रिग्बीची उत्तम रायफल भेट मिळाली. तरी उतारवयात बालपणाविषयी लिहिताना ती मोडकी बंदूक त्याला आठवलीच.

रिद्धपुरात याला दुसरी बाजू आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी इथं लीळाचरित्र सिद्ध केलं. त्यात शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा चक्रधरांच्या आसऱ्याला येतो. शिकारी मागायला येतात. चक्रधर देत नाहीत. ही शिकवण ज्या गावाने जपली, त्याच गावच्या शिवारात रात्री जागल करावी लागते!

सरकारनेही दोन्ही बाजू धरल्या आहेत. 1878 च्या कायद्याने बंदुकीला परवाना लागला. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद झाली. 1972 च्या वन्यजीव कायद्याने जनावराला संरक्षण दिले, आणि पिकात शिरलेला प्राणी मारायलाही लेखी परवानगी हवी असे ठरवले. म्हणजे परवाना बंदुकीचा वेगळा, जनावराचा वेगळा. कागद हाती येईपर्यंत तुरीचं काय होतं, ते शेतकऱ्यालाच विचारा.

तरी पुष्कळ घरांतून ती हलत नाही. दसऱ्याला अवजारांबरोबर तिला तेल आणि हळदकुंकू मिळतं. निवडणूक आली की अनेकांना ती ठाण्यात जमा करावी लागते. परत मिळाली की धनी आधी गज जागेवर आहे ना, ते पाहतो.