चाचा कोण, सरखेल कोण? : परक्या जहाजाच्या झडतीचा हक्क

१/ भर समुद्रात परक्या जहाजाला थांबवून त्याची झडती घेण्याचा हक्क कोणाला? तीनशे वर्षांपूर्वी हा वाद आपल्याच कोकण किनाऱ्यावर पेटला होता.

२/ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हिंदी महासागरावर स्वामित्व सांगितले. व्यापाऱ्याने त्यांचा ‘कार्ताझ’ हा परवाना घ्यावा, ठरवलेल्या बंदरात जकात भरावी; परवाना नसल्यास जहाज मालासह जप्त!

३/ १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्या जप्तीच्या समर्थनार्थ ह्यूगो ग्रोशियसने केलेल्या लेखनातील एक प्रकरण १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’ या नावाने प्रसिद्ध झाले. समुद्र कोणाच्याही मालकीचा नाही, हे तत्त्व असे एका जप्तीच्या वकिलीतून पुढे आले.

४/ मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी पोर्तुगीजांचीच रीत त्यांच्यावर उलटवली. कोकणच्या समुद्रातून जायचे तर आंग्र्यांचे ‘दस्तक’ हवे. १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराचे जहाजही धरले.

५/ १७१३ मध्ये इंग्रजांशी तह झाला, तरी खरा पेच उरलाच. जहाज देशी व्यापाऱ्याचे, पण त्यावर निशाण इंग्रजांचे असेल, तर त्याला कंपनीचे संरक्षण मिळावे का? इंग्रज म्हणत, निशाण पुरेसे आहे. कान्होजी विचारत, मालक कोण? या भांडणातच इंग्रजांनी त्यांना ‘चाचा’ ठरवले.

६/ आजचा कायदा काय सांगतो? १९८२ च्या सागरी कायदा कराराचे कलम ११० : खुल्या समुद्रात युद्धनौकेला परक्या जहाजावर चढता येते, पण त्यासाठी चाचेगिरी, गुलामांचा व्यापार, जहाजाला राष्ट्रीयत्वच नसणे अशा मोजक्या कारणांचा सबळ संशय हवा. संशय निराधार निघाला आणि जहाजाचा दोष नसेल, तर नुकसानभरपाई द्यावी लागते.

७/ मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने अपहृत ‘एमव्ही रुएन’ अडवून १७ खलाशांची सुटका केली. शरण आलेले ३५ चाचे मुंबईत पोलिसांच्या स्वाधीन झाले. भारताचा २०२२ चा चाचेगिरीविरोधी कायदा त्यासाठी हाताशी होता.

८/ याच करारानुसार चाचेगिरी म्हणजे मुख्यतः खासगी जहाजाने खासगी हेतूने केलेली लूट. कान्होजींचे सरखेलपद छत्रपतींनी दिलेले होते. म्हणून जुन्या इंग्रजी कागदांत ‘पायरेट’ शब्द दिसला की आधी विचारा : हा शिक्का मारणारा स्वतः त्या वादात पक्षकार होता का?