स्मारक नाण्यांचें मोल

मर्यादित संख्येनें पाडलेल्या अर्वाचीन स्मारक नाण्यांस बाजारांत जी जबर किंमत पडते ती रास्त आहे काय, असा प्रश्न संग्राहक पुष्कळदां करितात. इ. स. २०२३ मध्यें नव्या संसद-भवनाप्रीत्यर्थ निघालेलें ७५ रुपयांचें नाणेंच पाहूं. वजन ३५ ग्रॅम, पैकीं निम्मी चांदी. १८३५ च्या कंपनी रुपयांत सुमारें १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असे व तिच्याच बळावर तो चाले. येथें चांदीच ७५ रुपयांहून कितीतरी अधिक मोलाची. तेव्हां अंगावरचा आंकडा नांवापुरता होय. धातु, घडणावळ व पेटी यांचे दाम टांकसाळीनें घ्यावे, त्यास आमची हरकत नाहीं. पुढें विक्रेते दुर्मिळतेच्या नांवाखालीं जें चढवितात तें मात्र आम्हांस मान्य नाहीं. ही दुर्मिळता काळानें आणलेली नसून हुकुमानें ठरविलेली आहे. १९६९ चें गांधी-शताब्दीचें दहा रुपयांचें नाणेंही चांदीचें व स्मारकच. परंतु तें लाखोंनीं पाडलें गेल्यानें त्याचें मोल चांदीच्या भावाभोंवतींच घोटाळतें.

उलट तांब्याची शिवराई पाहावी. ती विपुल व स्वस्त आहे. पण तिजवरील 'छत्रपति' शब्दाचीं नानाविध रूपें व हातोहात झालेली झीज अभ्यासकास टांकसाळी व व्यवहार यांविषयीं पुष्कळ सांगतात. एका पेटीबंद नाण्याच्या पैशांत मोडींत निघालेल्या किती शिवराया तांबटाच्या मुशींतून वांचतील, याचा हिशेब संग्राहकांनींच करावा.