गूळ दीर्घ, गुळाचा ऱ्हस्व

दौंड तालुक्यात केडगाव-यवतच्या बाजूला गुऱ्हाळे आहेत आणि भीमेपलीकडे शिरूर तालुक्यातही उसाची शिवारे आहेत. इथल्या पोरांच्या तोंडी मराठी शुद्धलेखनाचा एक नियम आपसूक असतो. ऊस, पण उसाचे कांडे. गूळ, पण गुळाची ढेप. चूल, पण चुलीवर. धूर, पण धुराने डोळे चुरचुरले. प्रत्यय लागला की दुसरा उकार पहिला होतो. वहीत मात्र तिसरीतले मूल हमखास 'ऊसाचा', 'गूळाची' लिहिते. 'गूळ' हा शब्द त्याने पाठ केलेला असतो; त्यापुढे हवे ते जोडून टाकावे, असे त्याला वाटते. त्यात त्याची चूक तरी काय?

नियमावर सरकारी शिक्का बसला तो 1962 साली. मराठी साहित्य महामंडळाने केलेले 14 नियम महाराष्ट्र शासनाने तेव्हा स्वीकारले. 1972 मध्ये आणखी 4 जोडले गेले. या 18 नियमांतला आठवा नियम सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे जे रूप होते त्याचा. मराठी शब्दातल्या शेवटून दुसऱ्या अक्षराचा ईकार किंवा ऊकार दीर्घ असेल, तर सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो : गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला, फूल-फुलात.

नियम 1962 चा असला, तरी उच्चार कितीतरी जुना. 'गूळ' आला संस्कृत 'गुड'वरून आणि तिथे उकार ऱ्हस्वच होता. मराठी बोलण्यात शब्दाच्या शेवटचा 'अ' गळाला, सगळा भार आधीच्या उकारावर आला आणि तो लांबला. 'गुळाचा' म्हणताना भार पुढच्या 'ळा'वर सरकतो. मागचा उकार पुन्हा आखूड होतो. म्हणजे प्रत्यय लावल्यावर मूल जो पहिला उकार उच्चारते, तोच मुळातला.

मग हा प्रश्न पूर्वी कुणाला का छळत नव्हता? पेशवाईतल्या कारकुनाने गुळाचा हिशेब लिहिला तो मोडीत, आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळला जात नसे. एकच वळण, एकच वेलांटी. ही अडचण बाळबोध अक्षरांत छपाई सुरू झाल्यावर खऱ्या अर्थाने पुढे आली. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण 1805 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपुरास छापले गेले, मोल्सवर्थचा कोश 1831 मध्ये आला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 मध्ये. शाळांची क्रमिक पुस्तके तपासणाऱ्या मेजर कँडीच्या हाताखालून पुढे पुष्कळ मराठी मजकूर गेला. छापायचे म्हटले की ऱ्हस्व आणि दीर्घ यांचे खिळे वेगळे. कुठला उचलायचा हे जुळाऱ्याला ठरवावेच लागते. दौंड तालुक्यातल्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात, हे काम मुली आणि बायका करत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये, तिथूनच प्रसिद्ध झाले.

खरी मेख अपवादात आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपला दीर्घ स्वर सोडत नाहीत : शरीर-शरीरात, गीत-गीतात, जीव-जीवाला. 'फुलात' ऱ्हस्व आणि 'गीतात' दीर्घ का, याचे उत्तर आठ वर्षांच्या मुलाच्या कानाला मिळत नाही. त्यासाठी शब्दाचे कूळ ठाऊक हवे, आणि तेवढे संस्कृत त्याने शिकलेले नसते. या एका अपवादापायी वह्या लाल शाईने भरतात आणि मूल लिहायलाच बिचकू लागते. हे नुकसान चुकलेल्या वेलांटीपेक्षा कितीतरी मोठे आहे.

मूळ नियमाच्या उदाहरणांसाठी मात्र लांब जायला नको. 'शिरूर' हे नावच घ्या. 'शिरूरला' म्हणताना प्रत्यय नुसता चिकटतो, म्हणून दीर्घ टिकतो. 'शिरुरात' म्हटले की 'रू'चा 'रु' होतो. शिक्रापूर-शिक्रापुरात, केंदूर-केंदुरात ही त्याच रांगेतली गावे. दौंडकडच्या देऊळगाव राजे या गावाच्या नावात आणखी एक गोष्ट दडली आहे : देऊळ-देवळात, पाऊस-पावसात. इथे ऊकार आखूड होत नाही, तो नाहीसाच होतो आणि त्याच्या जागी 'व' येतो. लाकूड-लाकडाला, बेरीज-बेरजेला यांतही ऊकार-ईकार जातो, फक्त जागा 'अ' घेतो.

बाराखडी म्हणताना मुले 'क ला पहिली वेलांटी कि, दुसरी वेलांटी की' असा ठेका धरतात. त्याच ठेक्यात 'गूळ-गुळाचा, ऊस-उसाचा, चूल-चुलीवर' या जोड्या मोठ्याने म्हणवून घ्याव्यात. 'गूळ' म्हणताना 'ऊ' लांबतो आणि 'गुळाचा' म्हणताना जीभ झटकन पुढे जाते, हे मुलाला स्वतःला जाणवते. मग श्रुतलेखन घ्यावे. शरीर, गीत, जीव यांसारख्या शब्दांचा तक्ता भिंतीवर लावून ठेवावा. ते पाहून पाहून पाठ होतील. शिरूर-दौंडच्या शिक्षकांना आणि संध्याकाळी अभ्यास घेणाऱ्या आयांना एवढीच विनंती : चूक दिसली की आधी तो शब्द मुलाकडून मोठ्याने म्हणवून घ्या, लाल पेन त्यानंतर उचला.