विटाळ आणि संसर्ग

ताप उतरतांना ओठांच्या कडेस पाण्यानें भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठतो, त्यास आपल्या घरांतून ‘जर’ म्हणतात. थोड्या दिवसांत खपली धरून तो बरा होतो, म्हणून त्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. परंतु स्पर्शाविषयींच्या आपल्या जुन्या समजुती तपासून पाहण्यास हा क्षुद्र विकार फार उपयोगी पडतो, असें आम्हांस वाटतें.

त्वचेवर पसरत जाणाऱ्या विकारांस ग्रीक वैद्यांनीं ‘हर्पिस’, म्हणजे सरपटणारा, हें नांव दिलें होतें. ओठांवरील जर विषाणूपासून होतो, हें विसाव्या शतकांत निश्चित झालें. १९३९ मध्यें ऑस्ट्रेलियांतील बर्नेट व विल्यम्स यांनीं असें मांडलें कीं, हा विषाणु बहुधा बालपणींच शरीरांत शिरतो व पुढें जन्मभर सुप्त राहतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो दडून असतो आणि ताप, ऊन वा थकवा यांचें निमित्त होतांच पुन्हा ओठांवर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजाप्रमाणें जगांतील पन्नास वर्षांखालील सुमारें ६४ टक्के लोकांच्या शरीरांत तो आहे. अर्थात् त्यास जात नाहीं, कुळ नाहीं.

तो पसरतो मुख्यत्वें लाळेनें व फोडांच्या प्रत्यक्ष स्पर्शानें. क्वचित् फोड दिसत नसतांनाही तो लाळेंत असतो. म्हणजे बाळाचा मुका घेणारी आजी, आत्या वा खुद्द आई हीच त्याची नेहमींची वाट होय. उष्टें न खाणें, तांब्या ओठांस न लावतां वरून पाणी पिणें, या चाली येथें थोड्याबहुत उपयोगी पडतात, हें आम्ही मान्य करतों.

याच चालींच्या आधारें कित्येक सुशिक्षित लोक ‘सोंवळें म्हणजे प्राचीन आरोग्यशास्त्रच’ असें समर्थन करीत आले आहेत. त्यांनीं नाशिकचा इतिहास आठवावा. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं पंचवटींतील काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव गायकवाड हे त्यांतील स्थानिक धुरीण होते. मंदिराचे दरवाजे बंद करण्यांत आले. लढा वर्षानुवर्षें चालला, तरी ते उघडले नाहींत. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांतील येवलें येथें डॉ. आंबेडकरांनीं हिंदु म्हणून न मरण्याचा निश्चय जाहीर केला.

त्या दारांत उभ्या असलेल्या माणसांपासून कोणता रोग होणार होता? विटाळ जन्मावरून ठरे. संसर्ग लाळेवरून ठरतो. विटाळ स्नानानें फिटे. सुप्त विषाणु गोदावरींत कितीही बुड्या मारल्या तरी जात नाहीं. ज्याची सावलीही टाळली त्यानें कांहीं दिलें नाहीं. जें मिळालें तें सोंवळ्यांतल्या स्वयंपाकघरांत, आपल्याच माणसांच्या मायेंतून मिळालें. आरोग्याची सबब येथें टिकत नाहीं.

खरें पथ्य अगदीं साधें आहे. ओठांवर फोड असतांना मुलांचे मुके घेऊं नयेत. नवजात अर्भकास तर हा विषाणु प्राणघातकही होऊं शकतो, म्हणून तेथें विशेष जपावें. फोडास हात लागल्यास तो धुवावा, पेला व पंचा वेगळा ठेवावा. फोड बरे झाले कीं हें पथ्य संपतें. आपण लादलेल्या विटाळास मात्र अशी मुदत कधींच नव्हती.