मागच्या बाकावरचा प्रश्न

मंडळी, गोष्ट १९७९ सालची. मी तेव्हा नवा नवा मास्तर. विषय इतिहास आणि मराठी, पण विज्ञानाचे सर रजेवर गेले की तो तास माझ्या गळ्यात! झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेऊन उन्हात अन्न तयार करतात, असं पुस्तकातून वाचून दाखवत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, धुरातल्या ह्या वायूचं आपल्याला रॉकेल नाही का करता येणार?" खडकीतला मुलगा, कारखान्याचा धूर आणि रॉकेलची रांग, दोन्ही रोजचंच. वर्ग हसला. मीही हसलो आणि "खाली बस" म्हणालो.

परवा नातवाच्या प्रोजेक्टसाठी वाचताना कळलं, नेमक्या त्याच वर्षी 'नेचर'मध्ये इनोऊए, फुजिशिमा, कोनिशी आणि होंडा ह्या चार जपान्यांचा निबंध आला होता. रंगात घालतात ती टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड, शिवाय तशा आणखी काही पुडी त्यांनी पाण्यात कालवल्या, त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला आणि प्रकाश टाकला. प्रकाशाने पुडीतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि वायूचं रूप बदलतात. पूड स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून ती उत्प्रेरक. हाती आलं फॉर्मिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड आणि थोडं मिथेनॉल. मिथेनॉल म्हणजे इंधनच की!

फुजिशिमा-होंडा जोडीने १९७२ मध्येच प्रकाशाच्या मदतीने पाणी फोडून हायड्रोजन काढला होता. पुढच्याच वर्षी तेल भडकलं आणि जग ह्या कामाकडे वळलं. पण इटलीचे चामिचान १९१२ सालीच न्यूयॉर्कच्या भाषणात सांगून गेले होते की कोळसा संपणार, तेव्हा झाडांची ही विद्या आपण शिकावी. कोळसा स्वस्त होता, कोण ऐकतो? (इतिहासाच्या मास्तराला ह्यात नवल नाही.)

अडचण अशी की कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून उरलेली राख. राखेचं पुन्हा लाकूड करायचं तर जळताना निघाली तेवढी ऊर्जा परत घालावी लागते. त्यात ती पांढरी पूड मुख्यतः अतिनील किरणच टिपते, आणि उन्हात ते जेमतेम पाच टक्के. म्हणून हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे.

आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चिन्नाकोंडा गोपीनाथ ह्यांच्या गटाने २०१७ मध्ये कृत्रिम पान केलं. तेही पाण्यातून हायड्रोजन काढणारं. कार्बनचं काम त्याहून अवघड. खडकीहून पाषाण ते कितीसं लांब!

तो मुलगा आता साठीला आला असेल. त्या बॅचचं कुणी हे वाचत असेल तर त्याला कळवा, सर म्हणाले, उभा राहा आणि प्रश्न पुन्हा विचार.