शिशाच्या खिळ्यांपासून समीकरणाच्या चौकटीपर्यंत

२०२३ मध्ये सी. आर. राव यांना संख्याशास्त्राचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तो १९४५ सालच्या एका शोधनिबंधासाठी. पंचविशीच्या उंबरठ्यावरील राव यांचा हा निबंध कोलकात्याच्या ‘बुलेटिन ऑफ द कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटी’मध्ये प्रसिद्ध झाला होता. अंदाजातील चूक एका ठरावीक मर्यादेखाली नेता येत नाही, हे सांगणारी क्रॅमर-राव असमानता त्यातलीच.

आशुतोष मुखर्जी यांनी १९०८ मध्ये या सोसायटीची स्थापना केली. १९३३ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी याच शहरातून ‘सांख्य’ हे नियतकालिक सुरू केले. अशा नियतकालिकांमागे छापखान्याचे कष्टही असत. साधा मजकूर एका ओळीत सरळ जुळतो. समीकरण मात्र वर-खाली पसरते. घातांक, पायांक, अपूर्णांकाची रेघ, वर्गमूळाचे छत्र, ग्रीक अक्षरे यांसाठी वेगवेगळ्या आकारांचे शिशाचे खिळे हाताने बसवावे लागत आणि मधल्या रिकाम्या जागाही धातूच्या तुकड्यांनी भराव्या लागत. जुळारी गणिती असतोच असे नाही. एखादा पायांक घसरला तरी अर्थ बदलतो. म्हणून मुद्रिते तपासण्याचा भार लेखकावर येई.

पुढे हे काम संगणकाकडे आले. १९७०च्या दशकाच्या मध्यास बेल प्रयोगशाळेत ब्रायन कर्निघन आणि लोरिंडा चेरी यांनी ‘ईक्यूएन’ ही समीकरणांची भाषा तयार केली. स्वतःच्या ग्रंथाची नवी मुद्रिते पाहून असमाधानी झालेल्या डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७ मध्ये ‘टेक’चे काम हाती घेतले. दोन्हींमागील विचार एकच होता: समीकरण हे चित्र नव्हे, ती रचना आहे. अंश कोणता, छेद कोणता, हे लेखकाने शब्दांत सांगावे. जागा यंत्राने ठरवावी.

‘वर्ड’मध्ये बराच काळ समीकरण वेगळ्या संपादकात रचून दस्तऐवजात बसवले जाई. २००७च्या आवृत्तीपासून ते मजकुराचाच भाग झाले. जुना संपादक, त्यात सुरक्षेची त्रुटी आढळल्यामुळे, जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकण्यात आला. जुन्या फायलींतील समीकरणे दिसत राहिली. पण त्या साधनाने ती दुरुस्त करता येईनात. रूपांतर करणे किंवा दुसरे साधन शोधणे, एवढेच मार्ग उरले.

१९४५ चा कागद आजही कोणत्याही यंत्राविना वाचता येतो. काही वर्षांपूर्वीची फाईल मात्र तिच्या साधनावर अवलंबून राहते. म्हणूनच प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासाठी समीकरण पडद्यावर किती सुबक दिसते, याइतकाच दुसरा प्रश्नही महत्त्वाचा आहे: दहा वर्षांनी त्यातला एखादा चुकलेला पायांक दुरुस्त करता येईल का?